सोवळ्यातला प्रतिवादी

आणीबाणी लागल्यापासून एस.टी. वेळेवर यायला लागली, आणि त्याचा पहिला फटका औंढ्यात कुणाला बसला असेल तर तो पुसेगावकरांना. हिंगोलीची आठची गाडी साडेदहाच्या आत आल्याचं विष्णुपंतांच्या हयातीत कुणी पाहिलं नव्हतं. त्या भरवशावरच त्यांनी सगळी आखणी केली होती. साडेनऊला थोरल्या मुलाची, विश्वंभरची, आंघोळ, दहाला तो महालक्ष्म्यांपुढे, आणि बेलीफ दारात येईल तेव्हा प्रतिवादी सोवळ्यात. पण गाडी आठ वाजून पाच मिनिटांनी आली, आणि सव्वाआठला ग्यानोबा बेलीफ ओसरीसमोर उभा राहिला तेव्हा प्रतिवादी मागच्या दारी तंबाखू मळत बसला होता.

"विश्वंभर! आंघोळ!" विष्णुपंत आत तोंड करून ओरडले आणि लगेच तोंडावर हसू आणून ओसरीवर आले. मागे आडावर बादली आदळल्याचा आवाज झाला.

"नमस्कार, नाजरसाहेब," ग्यानोबा म्हणाला. "विश्वंभररावांच्या नावानं कागद हाय."

"ये, ये. लई दिवसांनी, ग्यानोबा. घरी सगळं बराबर?"

"बराबर हाय जी. थोरलं पोरगं मॅट्रिक झालं."

"वा!" हे 'वा' विष्णुपंतांनी जमेल तितकं लांबवलं. "कोणत्या वर्गात?"

"मॅट्रिक झालं म्हनलं नव्हं?"

"हां, हां. मॅट्रिक." आडावर दुसरी बादली ओतली गेली तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं.

विष्णुपंत हिंगोलीच्या कोर्टात तेहतीस वर्षं नाजर होते. नाजर म्हणजे बेलिफांचा मुकादम. समन्स असो, जप्ती असो, मनाई हुकूम असो, कोर्टातून निघणारा प्रत्येक कागद त्यांच्या टेबलावरून निघायचा आणि बजावून झाला की त्यांच्याच टेबलावर परत यायचा. निजामाच्या अमदानीत बजावणीला तामील म्हणत. राज्य गेलं तरी तो शब्द त्यांच्या तोंडातून गेला नाही. 'तामील झाली नाही' असा शेरा घेऊन आलेल्या बेलिफाला ते पाणीसुद्धा पिऊ न देता पुढच्या गाडीने परत धाडत. कागद चुकवायला लोक काय काय करतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी कणगीत बसे, कुणी बायकोचं लुगडं नेसे, एकाने तर स्वतःच्या तेराव्याचं जेवण घातलं होतं. एवढी विद्या पेन्शनीत गंजून चालली होती. ती घरच्याच कामाला आली, याचा विष्णुपंतांना गेले दोन दिवस चक्क अभिमान वाटत होता.

कागद होता विश्वंभरच्या बायकोने, अनुसूयाने, आणलेला. सेनगावच्या भावाला बरोबर घेऊन तिने कोर्टात दावा लावला होता, आणि कोर्टाने पुढच्या तारखेपर्यंत मनाई हुकूम दिला होता. नवऱ्याने तिला मारू नये, घराबाहेर काढू नये, आणि चैत्रापासून ती सासूजवळ झोपत होती ते माजघर आणि त्याला लागून असलेलं स्वयंपाकघर, यांत पाऊल टाकू नये. वकिलाचा मुनशी चहाच्या टपरीवर बोलून बसला आणि बातमी औंढ्याला कागदाच्या दोन दिवस आधी पोचली.

पंचाईत अशी की महालक्ष्म्या त्याच माजघरात उभ्या राहत. पिढ्यान् पिढ्या. आज पूजेचा दिवस होता.

विष्णुपंतांनी रात्रभर विचार करून मार्ग काढला होता. कागद नाकारला तर बेलीफ तो दाराला डकवतो आणि तामील पुरी होते. माणूस घरात नाही म्हटलं, तर घरातल्या वयात आलेल्या पुरुषाच्या हाती देतो. पण माणूस घरात आहे, समोर उभा आहे, नाकारतही नाही, फक्त सोवळ्यात आहे आणि कागद ओवळा आहे, अशा वेळी काय करायचं याला दिवाणी कायद्यात कलम नव्हतं. कायदा लिहिणाऱ्या साहेबाला सोवळं ठाऊक नव्हतं. विष्णुपंतांना होतं.

विश्वंभर आला तो निथळत. ओलं धोतर, दातांवर दात, कपाळाला घाईत ओढलेला गंधाचा तिरका पट्टा. देवळाच्या वाटेवर त्याचं नारळ-फुलांचं दुकान होतं. तिथं तो येणाऱ्या-जाणाऱ्याशी फार गोड बोले. सगळं गोड तिथंच संपत असावं.

"विश्वंभरराव, हा घ्या. हितं सही करा."

विश्वंभर दोन पावलं मागे सरला आणि पाठ केलेलं बोलला. "मी कागद नाकारत नाही. मी सोवळ्यात आहे. सोवळं सुटलं की घेतो."

"कवा सुटंल?"

"उद्या संध्याकाळी. विसर्जन झाल्यावर."

ग्यानोबाने त्याच्याकडे पाहिलं, मग विष्णुपंतांकडे. "हे तुमचं डोकं दिसतंय, साहेब."

विष्णुपंतांना हसू लपवता आलं नाही.

"न्हाई, डोकं चांगलं हाय," ग्यानोबा म्हणाला. "पन मला रिपोर्ट लिहावा लागंल. माझ्या हातचा कागद सोवळ्यात चालत न्हाई म्हणून घेतला न्हाई, असं लिहिलं तर ते पंचावन सालच्या कायद्यात जातंय. अस्पृश्यतेच्या. ते काम दिवाणी न्हाई जी. ते फौजदारी." गाडीची वेळ सांगावी इतक्या शांतपणे त्याने हे सांगितलं.

विष्णुपंतांचं हसू गेलं. वीस वर्षं त्यांनी ग्यानोबाच्या हातात कागद दिला नव्हता. टेबलाच्या कडेला ठेवायचे, तो उचलायचा. ते त्यांना नेमकं आत्ता आठवलं.

"छे, छे! तसलं काही नाही! अरे, मी त्याचा बाप, मीसुद्धा शिवत नाही त्याला!"

"मी सख्खी आत्या!" कळमनुरीहून सणाला आलेली विष्णुपंतांची धाकटी बहीण गंगूताई दारातून ओरडली. "मी शिवले का सकाळपासून? विचार त्याला!"

"मी सख्खा भाऊ," शेषराव पुढे झाला. तो सेनगावच्या शाळेत मास्तर होता आणि मुद्दा सोदाहरण पटवायची त्याला सवय होती. त्याने हात लांब करून विश्वंभरपासून दोन हातांवर थांबवला. "हे पाहा. नाही शिवलो."

पाच मिनिटं घरातला एकेक जण आपण विश्वंभरला कसे शिवत नाही हे बेलिफाला दाखवत होता. पुसेगावकरांच्या घरात समतेचं असं दर्शन याआधी घडलं नव्हतं. फक्त विश्वंभरची आई, रुख्मिणीबाई, उंबऱ्याच्या आत पातेलं घासत बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्या बोलल्या नाहीत.

"बरं," ग्यानोबा म्हणाला. "मंग मी बसतो."

"उद्यापर्यंत?"

"साडेपाचच्या गाडीपर्यंत तरी. प्रतिवादी घरात असंल तर हाललं न्हाई पायजे, हे तुमीच शिकवलं."

त्या पंचावन सालच्या कायद्याच्या धास्तीने गंगूताईने लग्नाच्या रुखवतातला चिनी मातीचा कप काढला, पुसला, आणि त्यात चहा पाठवला. कळमनुरीच्या जावयालासुद्धा तो कप मिळालेला नव्हता.

"चहा नको जी," ग्यानोबा म्हणाला. "ड्यूटीवर हाव."

दुपारी धान्याच्या खोलीत बैठक बसली. विश्वंभर सोडून सगळे बसले. त्याला घोंगडी चालत नव्हती, सतरंजी चालत नव्हती, पोत्याला टेकणं चालत नव्हतं. धोतर अंगावरच वाळलं होतं. तो तीन वेळा शिंकला.

"आत्या, सोवळ्यात तंबाखू चालते का?"

"तुला लाज? महालक्ष्म्यांपुढे बसायचंय!"

"चिमूटभर?"

"नाना," शेषराव हळूच बापाला म्हणाला, "एक विचारू? समजा, तामील झालीच. मग दादाला माजघरात पाय ठेवता यायचा नाही."

"नाही."

"मग पूजेला कोण बसणार?"

मोठा असेपर्यंत धाकट्याने पूजेला बसायचं नाही, असा रिवाज होता. शेषरावाच्या अंगावर आज नवं उपरणं होतं, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

"मी आपला कायद्याचा मुद्दा विचारून राहिलो."

"कधीपासून वाट पाहून राहिला रे तू?" विश्वंभर त्याच्या अंगावर धावून गेला आणि शिवायचं नाही हे आठवून मध्येच थांबला.

"मी काहून वाट पाहू? पण कुळाचार बंद पाडायचा का?"

"कुणाचा काही बंद पडत नाही," विश्वंभर म्हणाला. "उद्या चारला महालक्ष्म्या उठतात. पाचला जीप येते. सांगून ठेवली मी. तिची ट्रंक, तिची वळकटी, आणि ती. सेनगावला भावाच्या दारात उतरवतो आणि मग खुशाल घेतो तो कागद, दोन्ही हातांनी. माजघरात तीच नाही, तर हुकूम कशाचा?"

"उद्याच?" गंगूताई सरसावून बसली. सकाळपासून ती विश्वंभरच्या बाजूने होती. अनुसूयाने कोर्टाची पायरी चढून घराला काळं फासलं, हे तिनेच गल्लीभर सांगितलं होतं. "अरे, आठ दिवसांवर पितृपक्ष. मग घट. मग दिवाळी. पुरण कोण घालणार? तुझ्या आईच्याने होतं का आता?"

"आत्या, तू कोणाकडून आहेस?"

"मी घराकडून आहे. घालवायची तर दिवाळीनंतर घालव ना! एवढी काय घाई?"

विष्णुपंतांनी घसा साफ केला. "जीपचं नक्की ठरवलंस? मला वाटलं, तारखेपर्यंत टाळायचं, वकील बघायचा, एवढंच."

"तुम्हीच सांगितलं, नाना. हुकूम हातात पडला नाही, वाचून कळला नाही, तर मोडला कुठून? मला तर माहीतच नाही त्यात काय आहे." विश्वंभर हसला.

हे वाक्य विष्णुपंतांचंच होतं. परवा रात्री त्यांनी ते बोट वर करून सांगितलं होतं, आणि तेव्हा ते फार देखणं वाटलं होतं. मुलाच्या तोंडून ते ऐकताना त्यांना जीप दिसली, वळकटी दिसली. खरं सांगायचं तर ती त्यांना परवाही दिसली होती. पण कलमं मोजताना माणसाला बाकीचं न दिसल्यासारखं करता येतं, आणि त्या कामात विष्णुपंतांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांना तहान लागली. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

अनुसूया पुरणपोळ्या लाटत होती. ओल्या लुगड्यात, एका हाताने. डावं मनगट चैत्रापासून वळत नव्हतं, म्हणून तिने पोळपाट गुडघ्याने दाबून धरला होता आणि उजव्या हाताने लाटणं फिरवत होती. चुलीपलीकडे सोळा भाज्या आणि आंबील झाकून ठेवलेली होती. हे सगळं तिने पहाटेपासून केलं होतं, तिला घराबाहेर काढायच्या मुहूर्तासाठी.

"मामंजी, ग्यानोबांना जेवायला वाढायचं का?"

"तो ड्यूटीवर आहे."

"त्यांची गाडी कितीची?"

"साडेपाचची."

"ते गेल्यावर माझं काय होईल?" तिने पोळी तव्यावर टाकली. "तुम्हाला कायदा कळतो, म्हणून विचारते."

"तारखेला बघू. कोर्ट बघेल."

"तारीख अठरा दिवसांनी आहे. जीप उद्या आहे."

भिंतींना कान असलेल्या घरात तिला जीप कळली नसेल असं मानणारे विष्णुपंत एकटेच होते. ते तांब्याकडे हात नेऊन तसेच उभे राहिले.

"चैत्रात तुम्ही मला हिंगोलीला डॉक्टरकडे नेलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचं लक्ष पोळीवर होतं. "डॉक्टरांनी विचारलं, हात कसा मोडला. तुम्ही सांगितलं, आडावर पाय घसरला. मी गप्प बसले. म्हटलं, नेलं तरी यांनी. उद्या जीपमध्ये बसताना कुणी विचारलं, काहून चाललीस, तर काय सांगायचं? तेवढं आत्ताच सांगून ठेवा. म्हणजे आपलं दोघांचं सारखं राहील."

विष्णुपंत पाणी न पिताच बाहेर आले. त्यांना लाज वाटत होती. असली लाज त्यांना बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती आणि तिचं काय करायचं ते त्यांना उमगेना. ते ओसरीवर ग्यानोबाजवळच्या खांबाला टेकून बसले.

साडेतीन वाजले होते. ग्यानोबाने मांडीवर पुठ्ठा घेतला, त्यावर फॉर्म पसरला.

"साहेब, रिपोर्ट तुमीच सांगा. मला या सोवळ्याचं कसं लिहावं ते उमजंना. तुमचा शब्दन् शब्द मी लिहितो."

"लिही." विष्णुपंतांची पाठ आपोआप ताठ झाली. "'आज रोजी दाव्यातील प्रतिवादी क्रमांक एक यांचे राहते घरी समक्ष गेलो असता, सदर प्रतिवादी घरी हजर मिळाले. त्यांस हुकुमाची नक्कल देऊ केली असता, आपण सोवळ्यात असल्याने...'"

"असल्यानं. पुढं?"

"'...असल्याने तूर्त स्वीकारता येत नाही, असे त्यांनी सांगितले. सबब,'"

"सबब?"

सबबच्या पुढे 'तामील झाली नाही' एवढंच यायचं होतं. विष्णुपंतांनी तोंड उघडलं. हे शब्द त्यांनी तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून त्यांची सालटी काढली होती. स्वतःच्या तोंडून ते कधी निघालेच नव्हते. पहिली न झालेली तामील, आणि ती नाजराच्या घरची. हिंगोलीच्या वकिलांना दिवाळीपर्यंत चहाबरोबर हेच पुरलं असतं. आणि आत ती एका हाताने पोळ्या लाटत होती. दोहोंतलं काय त्यांना जास्त लागलं हे सांगणं अवघड आहे. बहुधा मानाचंच लागलं असावं. लाज मागून त्याचा हात धरून आली असावी. पण आली.

"खोडू का?" ग्यानोबाने विचारलं.

"नको." त्यांनी हात पुढे केला. "कागद दे इकडे."

"घरातला पुरुष माणूस म्हणून घेता?"

"ते मागून बघू. आधी माजघराच्या दाराशी येऊन बस. ऐकायला येईल इतक्या जवळ. आणि फॉर्म आण."

ग्यानोबा या घराच्या ओसरीपलीकडे कधी गेला नव्हता. तो उठला, धोतर झटकलं, आणि जणू रोजचीच वाट असावी तसा विष्णुपंतांच्या मागून चालत गेला. गंगूताईने तोंड उघडलं, पंचावन साल आठवलं, आणि मिटलं.

माजघरात महालक्ष्म्या उभ्या होत्या, दोघी, पैठण्या नेसून, फुलोऱ्याखाली. पाटावर विश्वंभर, उजव्या हाताला अनुसूया. तिच्या पदराची त्याच्या उपरण्याशी गाठ बांधलेली. दिवसभरात त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं आणि आताही पाहत नव्हता. दारात बेलीफ बसलेला त्याने पाहिला आणि समाधानाने हसला. सोवळ्यात तर होताच. आता पूजेतही होता.

आरतीआधी कहाणी वाचायचा मान विष्णुपंतांचा. कहाणी सुरू झाली की मुठीत अक्षता धरून बसायचं, संपेपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही, उठायचं तर नाहीच. एका वर्षी गंगूताईच्या पायावर विंचू चढला होता. ती कहाणी संपवून मग ओरडली होती. ते घरात अजून कौतुकाने सांगत.

विष्णुपंतांनी सगळ्यांच्या मुठीत अक्षता दिल्या. पोथी उघडली. पोथीवर दुमडलेला कागद उलगडला, चश्मा सारखा केला, आणि नेहमीच्याच संथ, खालच्या सुरात वाचायला लागले.

"दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, हिंगोली, यांचे न्यायालयात."

गंगूताईने सवयीने डोळे मिटून हात जोडले.

"वादी, अनुसूया भ्रतार विश्वंभर पुसेगावकर, वय वर्षे सत्तावीस, धंदा घरकाम."

शेषरावाने मान वर केली. गंगूताईचा एक डोळा उघडला. विश्वंभरला कळायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. तो दर वर्षी कहाणी चालू असताना दुकानातल्या नारळांचा विचार करायचा.

"सबब, या हुकुमाद्वारे प्रतिवादी यांस ताकीद देण्यात येते की, पुढील तारखेपर्यंत त्यांनी वादीस मारहाण अगर दमदाटी करू नये. वादीस राहते घरातून बाहेर काढू नये, अगर कोणाकरवी काढवू नये."

"नाना!" विश्वंभर अर्धा उठला. गाठ ताणली गेली.

"खाली बस!" गंगूताई फिसकारली. "कहाणी चालू आहे!"

आणि तो बसला. चौतीस वर्षांचा माणूस, मानेपर्यंत लाल झालेला, मुठीत अक्षता घट्ट धरून बसला, कारण कहाणी चालू असताना उठलेलं त्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं.

"तसेच वादीचे ताब्यातील माजघर व स्वयंपाकघर यांत प्रतिवादी यांनी प्रवेश करू नये. हुकुमाचा भंग झाल्यास प्रतिवादी दिवाणी कैदेस पात्र राहतील. सही, शिक्का." विष्णुपंतांनी कागद तबकात ठेवला. "अक्षता वाहा."

सगळ्यांनी वाहिल्या. शेषरावाने जरा जास्तच भक्तीने वाहिल्या.

"ग्यानोबा, ऐकलंस?"

"ऐकलं जी. त्यांनीबी ऐकलं. मी बघून राहिलो."

"मग लिही. 'सबब, हुकूम प्रतिवादीस समक्ष वाचून ऐकवला. नक्कल घरातील वयात आलेले पुरुष विष्णुपंत यांनी स्वीकारली. तामील झाली.' आण, सही करतो."

"तुम्ही माझे बाप आहात का त्या कोर्टाचे नाजर?" विश्वंभरचा आवाज फाटला होता.

विष्णुपंतांनी सही केली, दोनदा, खाली तारीख घातली. "नाजर होतो तेव्हा खोटा शेरा कधी लिहिला नाही," ते म्हणाले. "बाप म्हणून चैत्रात डॉक्टरपुढे लिहवला. ऊठ. ही खोली तुला मना आहे."

विश्वंभर उठला, पण गाठ होती. अनुसूया ती सोडवायला गेली. एका हाताने सुटेना. तो वरून ओढत होता, ती खालून नखाने उकलत होती, आणि सगळे नुसते पाहत होते. तेव्हा रुख्मिणीबाई भिंतीजवळून उठल्या, दोघांच्या मध्ये बसल्या आणि दातांनी गाठ सोडली. विश्वंभर उपरणं ओढून घेत मागच्या दाराने गेला. थोड्याच वेळात तिकडून तंबाखूच्या डबीचा खटका ऐकू आला.

पाट रिकामा राहिला. शेषरावाने नवं उपरणं खांद्यावर सारखं केलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. त्याच्या आधी रुख्मिणीबाई त्या पाटावर बसल्या, अनुसूयाशेजारी.

"वहिनी!" गंगूताई म्हणाली. "ती पुरुषाची जागा आहे!"

रुख्मिणीबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. तबकातला कागद त्यांनी उचलला. त्यांना वाचता येत नव्हतं. शिक्क्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"अहो," त्यांनी नवऱ्याला विचारलं, "हा कागद माझ्या वेळेला मिळत होता का?"

विष्णुपंत पोथी बांधत होते. रेशमाची दोरी त्यांच्या हातातच राहिली. त्यांना एक्केचाळीसचा पावसाळा आठवला. मग त्रेचाळीसचा. मग ते आठवत गेले, आणि मोजायची सवय असलेल्या त्या माणसाने मध्येच मोजणं सोडून दिलं.

"मिळत होता," ते म्हणाले.

"कुठं?"

"कोर्टात." आवाज त्यांचा त्यांनाच नीट ऐकू आला नाही. "माझ्याच टेबलावरून जायचा."

"मग एखादा घरी आणायचा होता की," रुख्मिणीबाई म्हणाल्या. कागद त्यांनी अनुसूयाच्या ओटीत ठेवला आणि निरांजनाची वात पुढे सरकवली.

दारात ग्यानोबाने पेनाला टोपण लावलं. गाडीला अजून तासभर होता, तरी तो उठला आणि चपला हातात घेऊन बाहेर गेला.